चतुर्दशीला येते

औसा, जि. लातूर
६ ऑगस्ट २०२१

प्रिय बकुळे,

परवा फोनवर म्हणालीस, "खराटा हातात घेते आणि पायरीवर नुसती बसून राहते गं. कुठून सुरुवात करू तेच कळत नाही." पुढं काही बोलणार तोच रेंज गेली. नंतर दहा वेळा लावला, लागला नाही. एका परीनं बरंच झालं. माझ्या तोंडून 'होईल सगळं नीट' असं काहीतरी निघून गेलं असतं, आणि ते वाक्य त्र्याण्णव साली मला इतकं टोचलं होतं की तुला ते ऐकवायची माझी इच्छा नाही. म्हणून लिहायला बसले. रविवारी इथून टेम्पो निघतोय, त्याच्याबरोबर हे पत्र पाठवते.

२२ जुलैला मी दिवसभर टीव्हीसमोरून उठले नाही. पुरानं चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी, चिंचनाक्यावर पाणी, डेपोत एसटीच्या टपापर्यंत पाणी. २००५ ला तुमच्या घरात कमरेएवढं आलं होतं, म्हणजे यंदा तुम्ही धान्य आधीच माळ्यावर टाकलं असेल, असं मनाशी म्हणत होते. मग तुझ्या भाचीचा निरोप आला की माळासुद्धा बुडाला. वाचन मंदिरातली पुस्तकं पुन्हा भिजली हे पेपरात वाचलं तेव्हा मात्र डोळे भरून आले. हॉस्टेलवर तू किती अभिमानानं सांगायचीस, आमचं वाचनालय १८६४ पासूनचं आहे म्हणून.

माझी गोष्ट तुला ठाऊक आहे, पण सगळी नाही. काही तुला कधी सांगितलीच नाही.

त्या रात्री गणपती बोळवून गावं उशिरा झोपली होती. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. मी इकडं सासरी होते. आमची भिंत फाटली, पण आम्ही बाहेर निघालो. माहेर तेरणेकाठचं, किल्लारीपासून जवळ. दुपारी ट्रॅक्टरवरून तिथं पोचले तर गावच ओळखू येईना. नुसते दगडमातीचे ढीग, आणि वरून पाऊस.

आमचं माळवदाचं घर तू पाहिलं होतंस. उन्हाळ्यात किती गार आहे म्हणून भिंतीला गाल लावून उभी राहिली होतीस. दोन-अडीच हात जाडीची ती भिंत म्हणजे खरं तर दोन पदर होते, आतला एक आणि बाहेरचा एक, मधे माती आणि दगडांचा चुरा. दोन्ही पदरांना धरून ठेवणारा आरपार दगड एकही नव्हता. वर छताला माती. गळू नये म्हणून दरवर्षी मृगाच्या आधी नवी माती टाकायची. आजोबांनी टाकली, बाबांनी टाकली, जुनी कुणी काढलीच नाही. हादरा बसला तसा एक पदर बाहेर पडला, एक आत. बकुळे, खांब तसेच उभे होते. सागवानी खांब आणि त्यांच्यावरची तुळई जागच्या जागी होती, आणि त्यांच्यामधे आई आणि धाकटा भाऊ. सरकारी हिशेबानं आठ हजारांच्या आसपास माणसं गेली आणि ५२ गावं उठली. मला आजही त्या आकड्यांतून काही दिसत नाही. खांब दिसतात.

त्यानंतरचे दोन महिने मी बाबांजवळ पत्र्याच्या शेडमध्ये काढले. मदत पुष्कळ आली, देशभरातून आली, आणि आणणाऱ्यांच्या मनात मायाच होती, त्याबद्दल माझ्या मनात दुसरं काही नाही. पण कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला भिजत पडले होते आणि बाया पहाटे अंधारात अंग धुऊन तीच ओली लुगडी पुन्हा नेसत होत्या. साड्या मिळत होत्या. परकर नाही, अंगाला बसेल असा ब्लाऊज नाही. पाळीची सोय तर कुणाच्या ध्यानातही नव्हती. आडोसा नव्हता म्हणून बाया दुपारनंतर पाणी पीत नसत. हे सांगायचं कुणाला? वाटप करणारेही पुरुष आणि यादी करणारेही पुरुष. ते विचारायचे, "घरात कर्ता कोण आहे?"

आणि डिसेंबरात तू आलीस. चिपळूणहून तीन एसट्या बदलून. पिशवीतून काय काढलंस आठवतं? माझ्या मापाचे चार ब्लाऊज, चार परकर, आणि सुईदोरा. हॉस्टेलवर आपण एकमेकींचे कपडे घालायचो, त्या अंदाजानं शिवून आणले होतेस. तू काही बोलली नाहीस, मीही नाही. ते ब्लाऊज घालून मी पहिल्यांदा शेडच्या बाहेर दिवसाउजेडी ताठ उभी राहिले. तो दिवस मी विसरलेले नाही. आज टेम्पोत जे काही भरलंय ते तिथूनच आलंय.

पुढं काय झालं तेही सांगते, कारण तुझ्या त्या खराट्याशी त्याचा संबंध आहे.

५२ गावं नव्या जागी बसवली, पण आमच्यासारखी तडे गेलेली हजाराहून जास्त गावं जागच्या जागीच दुरुस्त करायची होती. सरकार पैसे हप्त्यानं देणार आणि घर ज्याचं त्यानं मजबूत करून घ्यायचं, अशी योजना होती. घराघरात माहिती पोचवणार कोण? तेव्हा प्रेमा गोपालन यांच्या स्वयम शिक्षण प्रयोग या संस्थेनं महिला मंडळांना पुढं केलं आणि गावोगावच्या बायांना सरकारनं 'संवाद सहायक' म्हणून नेमलं. आमच्या गावात माझं नाव सुचवलं ते सासूबाईंनी. म्हणाल्या, "हिला डीएड आहे, हिला बसवून नका ठेवू."

पहिल्या दिवशी इंजिनिअर माझ्याकडं न बघता यांना विचारत होते. मी मधेच म्हणाले, "साहेब, वही माझ्याकडं आहे." मग शिकले. दोन हातांवर एक आरपार दगड हवा, चौकटीच्या वर घराला चहूबाजूंनी सळई घालून काँक्रीटचा पट्टा हवा, माळवदावरची माती उतरवायलाच हवी. गवंडी हसायचा. "बाई मला भिंत शिकवणार का?" मी त्याला माहेरी घेऊन गेले आणि ते खांब दाखवले. नंतर तो माझ्याशी वाद घातलाच तर सळईच्या जाडीवरून घालायचा.

खरं काम मात्र पट्टा भरून झाल्यावर असायचं. काँक्रीटला पाणी मारावं लागतं, सकाळ-संध्याकाळ, निदान सात दिवस. नाहीतर वरून टणक दिसतं आणि आत भुसा होतो. पुरुषांना वाटायचं, पट्टा झाला, काम संपलं. आणि पाणी आणायचं ते दीड किलोमीटरवरच्या विहिरीवरून, बायांनी. मी घरोघरी जाऊन सांगत फिरले आणि सात दिवसांच्या रेघा खडूनं दारावर मारून ठेवायला लावल्या. संध्याकाळी रेघ मारली नसेल तर पोरं ओरडून आठवण करायची. आमच्या चुलत सासूबाई, दोन नातवंडं गमावलेल्या, वर्षभर कुणाशी बोलल्या नव्हत्या. त्या एका संध्याकाळी घागर घेऊन आल्या आणि दुसऱ्याच्या घराच्या पट्ट्यावर पाणी मारून, खडू मागून रेघ ओढून गेल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या.

२००१ च्या भूकंपानंतर आमच्याकडच्या बाया कच्छला गेल्या, त्यात मी होते. भाषा धड येत नव्हती. एका तंबूत एक बाई माझा हात धरून एवढंच विचारत होती, "तुम्हाला झोप कधी लागायला लागली?" किती पैसे मिळाले, घर कधी झालं, हे नाही विचारलं. मी आठवून पाहिलं आणि जे आठवलं ते सांगितलं, पट्ट्याला पाणी मारायला लागले त्या आठवड्यात. ती हसली नाही. तिला ते कळलं. मग आम्ही बाहेर येऊन भिंत पाहिली. पुढं त्सुनामीनंतर आमच्यातल्याच काही जणी तमिळनाडूत कोळणींकडं गेल्या.

म्हणून सांगते, पूर्ण घर साफ करायचं मनात आणू नकोस. तू फक्त एक वही घे. आणि शेजारच्या चार जणींना घेऊन दारोदार जा. मंगळवारी सरकारनं साडेअकरा हजार कोटींचं पॅकेज जाहीर केलंय, घरटी दहा हजार मिळणार म्हणतात. पण पंचनामा कागद बघून होतो. भाड्यानं राहणारी विधवा, नवऱ्यानं टाकलेली, पेठमापातली मासे विकणारी, डोक्यावर पाटी घेऊन भाजी विकणारी, तुमच्याकडं धुणंभांडी करणारी, यांचा कागद कुठला? दुकानदाराचं नुकसान दिसतं, कारण त्याला पाटी आहे. घरात बसून पापड लाटणारीचं पीठ वाहून गेलं ते कोण लिहिणार? तूच लिही. नाव, घरात माणसं किती, कुठलं काम बुडालं, कागद कोणते भिजले, दवाखान्याची गोळी कुणाची चालू आहे, गरोदर कोण आहे. आणि ती वही घेऊन चौघी-पाचजणी मिळून तलाठ्याकडं जा, एकटी जाऊ नकोस. एकटीला उद्या या म्हणतात.

पैसा ज्याच्या खात्यावर येणार ते खातं कुणाचं, हेही विचार. आमच्याकडं मेलेल्या मुलाचे पैसे सासऱ्याच्या हाती गेले आणि सून रित्या हातानं माहेरी गेली, असं मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि मुलींकडं लक्ष ठेव. दप्तर वाहून गेलं, त्यात कोरोनानं शाळा बंद, मग एक तोंड कमी होईल म्हणून पंधरा-सोळाच्या पोरींची लग्नं उरकतात. तू बाई आहेस शाळेत, तुझं ऐकतील.

महाडजवळचं तळिये दरडीखाली गेलं, तिथली घरं म्हाडा बांधून देणार असं वाचलं. तुझी मावसबहीण महाडला असते ना? तिला सांग, तिथल्या बायांना विचारल्याशिवाय नकाशा पक्का होऊ देऊ नका म्हणावं. आमच्या नव्या गावांत रस्ते मोठे झाले, घरं भूकंपाला टिकणारी झाली, हे खरंच. पण जावेचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, कणगी ठेवायला जागा नाही, म्हैस बांधायची कुठं ते कुणी विचारलं नाही. बाबा शेवटपर्यंत जुन्या गावाच्या ढिगाऱ्यावर जाऊन बसायचे.

आता टेम्पोत काय आहे ते नीट वाच, म्हणजे वाटताना घोळ होणार नाही. आमच्या गटाच्या बायांनी इथल्या ओळखीतून तुमच्याकडच्या दोन शिक्षिकांना फोन करून विचारून घेतलंय, त्यामुळं अंदाजानं काही भरलेलं नाही. परकर आणि गाऊन तीन मापांत, आतले कपडे नवे, पॅडची खोकी, झाकणाच्या बादल्या, खराटे, फावडी, रबरी हातमोजे. चिखलात अनवाणी जाऊ नका, पायाला जखम असेल तर मुळीच नाही, दवाखान्यात लेप्टोच्या तापाची गोळी मागून घ्या. कडक भाकरी आणि शेंगांची चटणी आहे, महिनाभर टिकते. तुला आमची भाकरी घशात टोचते हे लक्षात आहे, कालवणात कुस्करून खा. ड्रायव्हर म्हणतो कुंभार्ली घाटानं येईल, सोमवारी सकाळपर्यंत पोचेल. उतरवून घ्यायला बायाच उभ्या करा, आणि वाटप तुमच्या वहीवरून करा.

लाल नाडीनं बांधलेली पिशवी तुझी. त्यात चार ब्लाऊज आहेत. माप भाचीकडून घेतलं, पण बाह्या तुझ्या जुन्या सवयीच्या, कोपरापर्यंत. आणि सुईदोरा.

यंदा गणपती आणायचा की नाही, असं म्हणत होतीस. मी काही सांगणार नाही. आमच्या माहेरी सहा वर्षं आणला नव्हता. सातव्या वर्षी पोरांनीच शाळेत बसवला आणि बाबा आरतीला गेले. तुला वाटेल तसं कर.

पण मी येतेय. तुमचे गणपती गौरींबरोबर जातील, मी त्यानंतर येईन. दुसरा डोस झालाय, आणि तोवर एसटीही नियमित सुरू होईल असं वाटतं. १९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आहे. एवढी वर्षं झाली, पण त्या रात्री मला झोप येत नाही, हे मी कुणाला सांगत नाही. दिवा लावून बसून असते, यांनाही आता सवय झाली आहे. या वर्षी ती रात्र तुझ्याकडं काढते. तुझी ती वही काढून ठेव, आपण दोघी मिळून वाचू, कुणाचं काय राहिलंय ते बघू. अंथरूण घालत बसू नकोस.

तुझी,
लातूरकरीण