ओट्टो ओल्सन मराठीत कधी?

महोदय,

पाश्चात्त्य संगीतावरचे मराठी लेखन बहुधा बाख, मोझार्ट, बेथोवनपाशीच थांबते. स्वीडनचे ओट्टो ओल्सन (१८७९-१९६४) त्यात कुठेच भेटत नाहीत. स्टॉकहोमच्या गुस्ताव वासा चर्चमध्ये ते १९०८ ते १९५६ ऑर्गनवादक होते. तब्बल ४८ वर्षे! देश ल्यूथरपंथी, म्हणजे प्रोटेस्टंट, पण यांचा ओढा जुन्या रोमन कॅथलिक परंपरेतल्या ग्रेगोरियन गायनाकडे, म्हणजे एकाच सुरावटीत गायल्या जाणाऱ्या लॅटिन प्रार्थनांकडे. त्याची छाया त्यांच्या समूहगीतांवर दिसते आणि शब्दही अनेकदा लॅटिनच असतात.

१९०६ चे ‘ते देऊम’ हे ईशस्तुतीचे गीत नावाजले गेले. त्याआधी, १९०३ मध्ये, पंचविशीही उलटली नव्हती तेव्हा पूर्ण केलेले ‘रिक्वियम’ (मृतांसाठीच्या प्रार्थनेचे संगीत) मात्र पहिल्यांदा गायले गेले ते थेट १९७६ मध्ये. म्हणजे ७३ वर्षे नुसते कागदावर. तोवर संगीतकाराला जाऊनही १२ वर्षे झाली होती. आपल्याकडे बंदिशी वहीत पडून राहतात, तसेच हे.

सुरुवात करायची तर ‘येसू दुल्चिस मेमोरिया’ हे येशूवरचे लॅटिन समूहगीत ऐकावे. आयुष्य ऑर्गनपुढे काढलेल्या माणसाची रचना, पण त्यात ऑर्गन नाही, फक्त गळे. अशा संगीतकारांवर आपल्या पुरवणीत अधूनमधून लेख यावेत, ही विनंती.

– एक वाचक, पुणे