मॅडम, त्या संध्याकाळच्या फोनबद्दल

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

सांगलीतल्या तुमच्या लॅबमधून फोन आला तेव्हा आम्ही तासगावच्या एसटीत बसलो होतो. "रक्ताची स्लाइड मी स्वतः बघितलीय. वडिलांना घेऊन परत या," एवढंच म्हणालात. पांढऱ्या पेशी १,८०,०००. असायला हव्यात ११ हजारांच्या आत. त्याआधी तीन महिने दादा, म्हणजे माझे वडील, नुसतं टॉनिक घेत होते. पोटाची डावी बाजू जड, जेवण चार घासांवर आलेलं, ऐन फळछाटणीत बांधावर बसून राहायचे.

ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, म्हटल्यावर आईने पदर तोंडाला लावला. तुम्ही स्टूल ओढून तिच्यासमोर बसलात. हा एकच आजार नाही, मुख्य प्रकार चार, दोन झपाट्याने वाढणारे, दोन संथ. यांचा संथातला सीएमएल (क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया) दिसतोय, पण जनुकीय तपासणी झाल्याशिवाय नक्की सांगणार नाही, म्हणालात. मग रिपोर्टच्या पाकिटावर ९ आणि २२ नंबरची गुणसूत्रं काढून त्यांच्या तुकड्यांची अदलाबदल दाखवलीत. दादा बराच वेळ बघत राहिले. "म्हणजे भलत्याच खुंटावर डोळा भरला म्हणायचा."

"अगदी तसंच," तुम्ही म्हणालात. "त्या जोडातून तयार होणारं प्रथिन पेशींना सारखं वाढायला लावतं. गोळी नेमकं त्यालाच गप्प करते."

ती गोळी इमॅटिनिब. ते बदललेलं गुणसूत्र सापडलं १९६० साली आणि गोळी बाजारात आली २००१ मध्ये. २०१३ साली सुप्रीम कोर्टाने तिचं पेटंट नाकारलं, इथल्या कंपन्यांची गोळी मिळत राहिली, म्हणून आमच्यासारख्या घराला ती झेपते.

सगळ्यांचं गोळीवर भागत नाही, हेही तुम्ही लपवलं नाहीत. एएलएल या झपाट्याने वाढणाऱ्या प्रकारात दोन-तीन वर्षं केमो चालते. आजार उलटला तर काही रुग्णांसाठी आता कार-टी उपचार आहे: रुग्णाच्याच टी-पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) काढून, त्यांना कॅन्सरची पेशी ओळखायला शिकवून परत सोडायच्या. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलने मिळून तयार केलेल्या अशा उपचाराला २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. हे सांगताना तुमचा चेहरा उजळला होता, मॅडम. आईला धीर आला तो त्या चेहऱ्यामुळे.

दुसऱ्या स्लाइडचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. ते पाकीट दादांनी फवारणीच्या वहीत जपून ठेवलंय. रोज जेवण झालं की गोळी, वर पेलाभर पाणी. परवाच्या पीसीआर या जनुकीय तपासणीत तो जोड ०.१ टक्क्याच्या खाली आलाय, आणि यंदा छाटणीला दादा स्वतः कात्री घेऊन उभे आहेत.

रिपोर्ट दाखवायला येतोय. दादाही येणार म्हणतात.

तुमची,
तासगाव तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदाराची मुलगी