चि. सायलीस: गेटच्या आतली आणि बाहेरची माणसं

चिपळूण

चि. सायली,
अनेक उत्तम आशीर्वाद.

कंपनीने रुजू होण्याआधी पाठवलेली फाइल वाचली. त्यात एक गोल काढलाय. मध्ये कंपनी आणि भोवती चौकोन: भागधारक, बँका, कामगार, पुरवठादार, ग्राहक, सरकार, स्थानिक समाज, पर्यावरण. चित्र चुकीचं नाही, पण चौकोनांना एकमेकांशी जोडणारी एकही रेघ त्यात नाही. लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत, कंपनीच्या प्रशासन विभागात तुझा दिवस त्या न काढलेल्या रेघांवरच जाणार आहे.

गौरी-गणपतीचंच घे. भाद्रपदात रजेचे अर्ज येणारच. नाकारले तरी माणूस गावी जाणार, शिमग्यालाही तेच. म्हणून शहाणे मॅनेजर देखभालीचं शटडाऊन त्याच आठवड्यात ठेवतात. इथवर प्रश्न कामगारांचा. पण प्लांट थांबला की सांडपाणी थांबतं आणि ईटीपीच्या, म्हणजे कारखान्याच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या, एरेशन (हवा भरायच्या) टाकीतले घाण पचवणारे जीवाणू उपाशी राहतात. विजेचं बिल वाचवायला कोणी हवा फुंकणारा ब्लोअरही बंद केला, तर काही तासांत हवेअभावी टाकी कुजायला लागते, गाळ काळा पडतो, वास सुटतो. आठवड्याने प्लांट पूर्ण भाराने सुरू होतो तेव्हा ते पाणी पचवायला टाकीत पुरेसे जीव नसतात. बाहेर पडणाऱ्या पाण्याचा सीओडी (पाण्यातली घाण कुजायला किती ऑक्सिजन लागेल याचं रासायनिक माप) २५० मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या मर्यादेच्या वर जातो, ते सामाईक प्रक्रिया केंद्रात जाऊन तिथलंही गणित बिघडवतं आणि शेवटी दाभोळ खाडीत उतरतं. म्हणजे रजेचं वेळापत्रक ठरवणाऱ्या माणसाने नकळत खाडीत पाग टाकणाऱ्या मच्छीमाराचा आठवडा ठरवलेला असतो.

उपाय महागडा नाही. शटडाऊनमध्ये एक ब्लोअर चालू ठेवायचा. टाकीला गुळाचं पाणी आणि शेणकाला द्यायचा, सोबत युरिया आणि डीएपी, बीओडी (जीवाणूंना लागणाऱ्या ऑक्सिजनचं माप), नत्र आणि स्फुरद यांचं प्रमाण १००:५:१ राहील अशा बेताने. सुरू करताना पाव भाराने सुरुवात करून रोज सीओडी बघत चार-पाच दिवसांत भार वाढवायचा. आणि हे करायला दोन ऑपरेटर थांबले पाहिजेत. ते बहुधा ठेकेदाराचे असतात आणि त्यांच्याही घरी गणपती असतो. त्यांना ओव्हरटाइम आणि शिमग्याला हवी ती रजा आषाढातच लेखी कबूल कर. हरतालिकेच्या दिवशी विनवण्या करून कोणी थांबत नाही.

खाडीत मासे मेले म्हणजे दरवेळी कारखानाच असं मात्र नाही. पहिल्या पुराबरोबर कुजका पालापाचोळा येतो, पाण्यातला ऑक्सिजन घटतो आणि बोय, चिंबोऱ्या तशाही मरतात. पण ‘आमचं नाही’ हे शब्द नमुन्याशिवाय उच्चारू नकोस. फोन आला की वेळ लिहून घे आणि गावातला एक माणूस बरोबर घेऊन जा. विरघळलेला ऑक्सिजन जागेवरच मोजावा लागतो, बाटली प्रयोगशाळेत पोचेपर्यंत आकडा बदललेला असतो. सीओडीच्या नमुन्यात सल्फ्युरिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली आणायचा आणि बाटली बर्फात ठेवायची. तीन बाटल्या भर: एक मान्यताप्राप्त प्रयोगशाळेला, एक ग्रामपंचायतीकडे सीलबंद, एक आपल्याकडे. तिन्हींवर दोन्ही बाजूंच्या सह्या. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी बंद असतात, तेव्हा खाडीतल्या मासळीवर जास्त घरं चालतात. त्या दोन महिन्यांत तुझ्या पावसाळी नाल्यात फरशी धुतलेलं पाणी शिरत नाही ना, हे मेमध्येच चालून बघायचं. नाला वेगळा आणि सांडपाण्याची गटार वेगळी असं नकाशात असतं, जागेवर कुठेतरी पाइप जोडलेला सापडतो.

आता पुरवठादार. कंपनीत ‘आमची पेमेंट टर्म ४५ दिवस’ असं अभिमानाने सांगतात. कुठल्या दिवसापासून, ते विचार. लेथवर सुटे भाग करून देणाऱ्या छोट्या लेथवाल्याचा माल ३ तारखेला गेटवर आला आणि सिक्युरिटीने चलनावर शिक्का मारला. स्टोअरने जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) काढला ११ ला, क्वालिटीने पास केलं १९ ला, अकाउंट्सने बिल बुक केलं २८ ला, आणि ४५ दिवस मोजले २८ पासून. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या) कायद्यात मोजणी अशी चालत नाही. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर मिळाला तोच दिवस स्वीकृतीचा. तिथपासून लेखी करार असला तरी ४५ च्या पुढे जाता येत नाही आणि करार नसेल तर मुदत १५ दिवसांचीच. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. बँक रेट ६ धरलास तर १८ टक्के. हे व्याज कंपनीला प्राप्तिकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. एप्रिल २०२४ पासून सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं मुदतीत न दिलेलं बिलही प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत खर्च धरत नाहीत.

तरी लेथवाला तक्रार करत नाही, कारण पुढची ऑर्डर जाईल. भागधारकाचं तसं नसतं. जाहीर झालेला लाभांश ३० दिवसांत मिळाला नाही तर त्यालाही १८ टक्के व्याज कायद्याने ठरलेलं आहे, आणि शिवाय त्याचं गाऱ्हाणं ऐकायला संचालकांची समितीही असते. कंपनी कायद्याच्या कलम १७८ मध्ये या समितीच्या नावात सगळे हितसंबंधी आहेत, कामात फक्त शेअर, डिबेंचर, ठेवी आणि इतर रोखेवाले. लेथवाल्यासाठी समिती नाही, तूच आहेस. माझं स्पष्ट मत: गेटच्या शिक्क्याची तारीख थेट अकाउंट्सच्या संगणकात गेली पाहिजे. एवढं करून घेतलंस तर बाकीचं आपोआप हलेल.

ठेक्यावरच्या कामगारांचंही मूळ बिलातच असतं. ठेकेदाराने मजुरी दिली नाही तर ती देण्याची जबाबदारी कंपनीवर येते, म्हणून बिल सोडण्याआधी मागच्या महिन्याचं पीएफचं चलन आणि पगार बँकेत जमा झाल्याची यादी तपासायची. ते बरोबरच आहे. पण एखाद्या कागदासाठी अख्खं बिल अडकवलं की ७ तारखेचा पगार चुकतो आणि १० ला गेटवर घोषणा सुरू. मजुरीचा भाग वेगळा काढून वेळेवर द्यावा, ठेकेदाराचं कमिशन हवं तितकं अडकवावं.

सीएसआरबद्दल, म्हणजे कंपनीने समाजासाठी करायच्या खर्चाबद्दल, फार लिहीत नाही. मागच्या ३ वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के, आणि परिसराला प्राधान्य. शाळेच्या भिंती रंगवणं सोपं, फोटोही छान येतो. गावाला मात्र एप्रिल-मेमध्ये पाणी हवं असतं. विहिरीचा गाळ उपसायचं काम फेब्रुवारीत मंजूर झालं तरच पावसाआधी होतं, आणि बजेट मार्चअखेरीस संपवायची घाई असते तेव्हा रंगच निवडला जातो.

कारखान्याच्या विस्ताराची जनसुनावणी निघाली तर ती प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि जिल्हाधिकारी कार्यालय घेतं, आपण नाही. किमान ३० दिवस आधी नोटीस, पर्यावरण अहवालाचा सारांश मराठीतही, आणि सभा संपताना इतिवृत्त तिथेच मराठीत वाचून दाखवायचं. गणपूर्तीची अट नाही, म्हणून पाच माणसांतही सुनावणी होते आणि पुढे वर्षानुवर्षं कोर्टात फिरते. मराठी सारांश बरेचदा यंत्रावर भाषांतर केलेला असतो. तू स्वतः वाच आणि कुठला धूर किती उंच चिमणीतून, किती पाणी कुठून घेणार आणि किती कुठे सोडणार एवढं तरी आंब्याच्या मोहोराची काळजी असलेल्या बागायतदाराला कळेल असं लिहून घे. तारीख मे महिन्यात मिळावी अशी विनंती कर. वरून कोणी म्हणेल, ‘चाकरमानी आलेले असतात, उगाच गर्दी होईल.’ होऊ दे. शेजारच्या सातबाऱ्यावर त्यांचीच नावं आहेत.

तुझी,
आई