सातपूरच्या काकांना, एका खरखरत्या अॅम्प्लिफायरबद्दल

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

तुमचं नाव इथे घालत नाही. घातलं तर फोन करून आधी त्यावरूनच बोलाल. पण आभार चारचौघांत मानायचे आहेत, कारण त्या अॅम्प्लिफायरची बोंबही चारचौघांतच झाली होती.

पंचवटीत एकादशीच्या भजनाला तो लावला की बुवांचा हळू आवाजातला आलाप फाटका यायचा. पेटीचा सूर विरत जाताना शेवटी खरखर. आणि गजर टिपेला गेला की सगळं स्वच्छ! मी स्पीकर बदलले, माइक बदलला, वायरी बदलल्या. शेवटी तो धूड अॅक्टिव्हाच्या पुढ्यात ठेवून त्र्यंबक रोडने तुमच्याकडे आलो, तेव्हा वाटलं होतं की तुम्ही उघडाल, कुठेतरी डाग द्याल आणि विषय संपेल.

तुम्ही उघडलाच नाहीत. "किती खरखरतो?" असं विचारलंत. किती म्हणजे काय, काका? खरखरतो!

मग लॅपटॉपवर आरईडब्ल्यू हे आवाज मोजणारं, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टाकायला लावलंत, आणि तुमचं यूएसबी साउंड कार्ड दिलंत, कारण लॅपटॉपच्या माइकच्या भोकातून असलं माप निघत नाही. पहिला अर्धा तास अॅम्प्लिफायरला हातही लावू दिला नाहीत. साउंड कार्डचं आउटपुट त्याच्याच इनपुटला जोडून 1 किलोहर्ट्झचा सूर सोडायचा आणि कार्ड स्वतः किती बिघाड करतं ते आधी बघायचं. 0.003 टक्के आलं. "तराजूच खोटा असेल तर वाण्याला काय बोलायचं?" हे तुमचं वाक्य.

स्पीकरच्या जागी 8.2 ओहमचे, 10 वॅटचे चार पांढरे सिमेंट रेझिस्टर: दोन-दोन सिरीजमध्ये, त्या दोन जोड्या पॅरलल, म्हणजे पुन्हा 8.2 ओहमच. कडाप्प्याच्या ओट्यावर ठेवले म्हणून बरं, 20 वॅटला चांगलेच तापले. कार्ड जळू नये म्हणून मध्ये 10 किलोओहम आणि 1 किलोओहमचे रेझिस्टर लावून व्होल्टेज अकराव्या भागावर आणलंत. आणि त्याआधी, हे मी कधीच विसरणार नाही, आउटपुटची काळी वायर खरंच ग्राउंडला आहे का ते मीटरने तपासलंत. ब्रिज केलेला (दोन अॅम्प्लिफायर उलटसुलट जोडून एक केलेला) अॅम्प्लिफायर असता तर दोन्ही वायरी जिवंत, आणि कार्डाच्या ग्राउंडने एक बाजू शॉर्ट झाली असती. मी तर थेट जोडायलाच निघालो होतो.

पडद्यावर 50, 100, 150 हर्ट्झचे सुळके दिसले तेव्हा मला वाटलं चोर सापडला. तुम्ही मुकाट्याने लॅपटॉपचा चार्जर काढलात. सुळके बसले.

मग खरं माप. 12.8 व्होल्टवर, म्हणजे 20 वॅटला, टीएचडी, म्हणजे मूळ सुरात अॅम्प्लिफायरने घातलेली भेसळ, 0.08 टक्के. अगदी सभ्य. आवाज कमी करत 0.9 व्होल्टवर आलो, 0.1 वॅट, आणि आकडा 0.9 टक्क्यांवर! 3, 5, 7 किलोहर्ट्झला सुळके वारकऱ्यांसारखे रांगेत उभे.

तुम्ही म्हणालात, पालखीचा खांदा बदलताना एकाने खांदा काढला आणि दुसरा अजून आत शिरलाच नाही, तर पालखी हिंदकळते. 5200 नंबरचा ट्रान्झिस्टर लाटेचा वरचा अर्धा भाग उचलतो, 1943 नंबरचा खालचा. बायस, म्हणजे दोघांना जागं ठेवणारा थोडासा करंट, नसेल तर शून्यापाशी क्षणभर दोघेही झोपलेले. मोठ्या लाटेत तो हिंदकळा लपतो, छोट्या आलापात तोच ऐकू येतो. सहा महिने मी स्पीकरला शिव्या घालत होतो!

ट्रान्झिस्टर बदलताना कुणा कारागिराने बायस ठरवणारा छोटा स्क्रू, म्हणजे प्रीसेट, पार खाली फिरवला होता. तापायला नको, तक्रार यायला नको. काही चुकलं तर करंट अडावा म्हणून सिरीजमध्ये बल्ब लावून, ट्रान्झिस्टरच्या एमिटर पायाच्या 0.22 ओहम रेझिस्टरवर 10 मिलिव्होल्ट येईपर्यंत तुम्ही तो माझ्याकडूनच फिरवून घेतलात. 10 मिलिव्होल्ट म्हणजे साधारण 45 मिलिअँपिअर. हात एवढा थरथरत होता की एकदा 30 मिलिव्होल्टवर गेला. तुम्ही काही बोलला नाहीत, नुसतं खाकरलात. अर्धा तास तापू दिल्यावर पुन्हा मोजलं, पुन्हा थोडा खाली आणला. 0.1 वॅटला आता 0.06 टक्के.

गेल्या एकादशीला बुवांनी विचारलं, "नवीन मशीन घेतलं का रे?" मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. त्याबद्दल रागवा हवं तर.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. काकूंनी वर पोहे खाऊ घातले, त्यांनाही नमस्कार सांगा. साउंड कार्ड अजून माझ्याकडेच आहे, रविवारी परत आणतो. येताना धाकट्या भावाचाही अॅम्प्लिफायर आणू का? तो फक्त मोठ्या आवाजात फाटतो.

आपला,
पंचवटीतला साउंडवाला