मेलानोमात स्कॅनच्या आधी जाडी पाहायला हवी

महोदय,

तळपायावरच्या काळ्या डागाच्या बायोप्सीत मेलानोमा, म्हणजे त्वचेतल्या रंगपेशींचा कर्करोग, निघाला की घरच्यांचा पहिला प्रश्न बहुधा ‘पेट स्कॅन (आजार शरीरात कुठे पसरला आहे ते शोधणारी तपासणी) कधी करायचा?’ हाच असतो, आणि बऱ्याच वेळा शस्त्रक्रियेची तारीख ठरण्याआधीच त्याची चिठ्ठीही हातात पडलेली असते. जिल्ह्याच्या ठिकाणी शल्यचिकित्सक म्हणून माझे आयुष्य गेले आणि निवृत्तीनंतरही ओळखीपाळखीचे लोक फायली घेऊन सल्ल्याला येतात, म्हणून या विषयावर थोडे सविस्तर लिहितो. स्कॅन चांगला की वाईट, असा हा वाद नाही. मेलानोमाच्या शस्त्रक्रियेच्या आगेमागे कोणती तपासणी कोणत्या टप्प्यावर केली तर उपचाराचा निर्णय बदलतो, आणि कोणत्या टप्प्यावर केली तर केवळ दिवस, पैसा आणि धीर खर्ची पडतो, हे रुग्णाच्या कुटुंबाला कुणीतरी स्वच्छ सांगितले पाहिजे.

हा कर्करोग आपल्याकडे विरळा आहे. गोऱ्या कातडीच्या लोकांत तो उन्हाने पोळलेल्या पाठीवर किंवा पोटऱ्यांवर दिसतो. भारतात मात्र त्यातला मोठा वाटा तळपाय, तळहात आणि नखांखालची जागा इथे सापडतो, जिथे उन्हाचा फारसा संबंध नसतो. शेतात अनवाणी वावरणाऱ्या माणसाला तो भोवरी, कुरूप किंवा काटा मोडून राहिल्याची खूण वाटते. कुणी ब्लेडने तासतो, कुणी जाळून घेतो, आणि काढलेला तुकडा तपासणीला न जाता कचऱ्यात जातो. त्यामुळे आपले रुग्ण उशिरा येतात, आणि उशीर झाल्याच्या धास्तीपोटी मग रुग्ण आणि डॉक्टर दोघेही सगळे शरीर एकदाचे तपासून घ्यायला निघतात.

पहिला निर्णय मात्र मिलिमीटरवर घ्यायचा असतो. अलेक्झांडर ब्रेस्लो या अमेरिकी पॅथॉलॉजिस्टने १९७० साली दाखवून दिले की त्वचेच्या वरच्या थरापासून सर्वांत खोल गेलेल्या कर्कपेशीपर्यंतचे अंतर मोजले तर आजार पुढे कसा वागेल याचा अंदाज बांधता येतो. आजही ही ‘ब्रेस्लो जाडी’ आणि डागावर व्रण (उघडी जखम) पडला आहे की नाही, या दोन गोष्टींवरून मूळ गाठीची प्रत ठरते. कर्करोगाचे टप्पे ठरवणाऱ्या अमेरिकन जॉइंट कमिटी ऑन कॅन्सरच्या वर्गीकरणाच्या, २०१८ पासून वापरात असलेल्या आठव्या आवृत्तीत ०.८ मिमीपेक्षा पातळ आणि व्रण नसलेला मेलानोमा सर्वांत खालच्या गटात येतो. त्यापुढे १, २ आणि ४ मिमी या सीमारेषा आहेत. ही आवृत्ती रुग्णांच्या ज्या माहितीसाठ्यावर बेतली आहे त्यात पहिल्या टप्प्याच्या ‘अ’ गटातले ९९ टक्के रुग्ण ५ वर्षांनंतर या आजारापायी दगावलेले नव्हते. हा साठा मुख्यतः पाश्चात्त्य देशांतल्या रुग्णांचा आहे आणि तळपायाचा मेलानोमा तितका सौम्य वागत नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही डाग पातळ आहे, जांघेत किंवा काखेत (जिथल्या लसिका ग्रंथींत हा आजार बहुधा आधी शिरतो) गाठ हाताला लागत नाही आणि रुग्णाला दुसरी कोणतीही तक्रार नाही, अशा वेळी स्कॅनमध्ये दूरवर पसरलेला आजार सापडण्याची शक्यता अगदी थोडी असते. अमेरिकेतल्या एनसीसीएन या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांतही सुरुवातीच्या टप्प्यातल्या, लक्षणे नसलेल्या रुग्णांचा सरसकट सीटी, पेट किंवा एमआरआय करू नये असेच म्हटले आहे.

‘करून घेतला तर बिघडले कुठे?’ असे लोक विचारतात. बिघडते, आणि आपल्याकडे जरा जास्तच बिघडते. पेट स्कॅनमध्ये किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेली साखर शिरेतून देतात आणि ज्या पेशी ती अधाशीपणे घेतात त्या चित्रात उजळतात. कर्कपेशी साखर घेतात, पण क्षयाच्या गाठींतल्या पेशीही घेतात, जंतुसंसर्गाने सुजलेल्या लसिका ग्रंथीही घेतात, आणि नुकत्याच केलेल्या बायोप्सीची भरत आलेली जखमही घेते. ज्या देशात छातीत जुन्या क्षयाच्या खुणा घेऊन वावरणारी माणसे घरोघरी आहेत आणि पायाच्या भेगांमुळे जांघेत अवधाण येणे ही नित्याची गोष्ट आहे, तिथे ‘उजळलेली जागा’ म्हणजे पसरलेला कर्करोग असे मानता येत नाही. मग तिच्यासाठी दुसरा स्कॅन, कधी फुप्फुसातून सुई, कधी दुर्बिणीने तपासणी असे सत्र सुरू होते, आणि ज्या डागाची जागा साध्या शस्त्रक्रियेने मोकळी करता आली असती तो तसाच पायावर राहतो. एका पेट-सीटीतून शरीराला मिळणारा किरणोत्सर्ग साधारण १० ते २५ मिलिसीव्हर्ट असतो. निसर्गातून माणसाला जगभराच्या सरासरीने वर्षाला २.४ मिलिसीव्हर्ट मिळतो. गरज असेल तेव्हा हा हिशेब करत बसू नये, पण नसेल तेव्हा तो दुर्लक्षितही करू नये. खर्चाबद्दल वेगळे काय सांगावे? शेतमजुराच्या घरात एका स्कॅनचे पैसे उभे करण्यासाठी काय काय विकावे लागते, हे खेड्यातल्या प्रत्येक डॉक्टरने पाहिले आहे.

उलट बाजूची चूकही तेवढीच वाईट आहे, कारण स्वच्छ आलेल्या स्कॅनवर लोक अवाजवी विसंबतात. पेटला काही मिलिमीटरपेक्षा लहान असा कर्कपेशींचा ठेवा दिसत नाही. मेलानोमा लसिका ग्रंथीत पहिल्यांदा शिरतो तेव्हा तो बहुधा सूक्ष्मदर्शकाखालीच दिसावा एवढाच असतो. म्हणून मध्यम जाडीच्या रुग्णात ‘पेट स्वच्छ आहे, आता ग्रंथी तपासायची गरज नाही’ असे म्हणणे चुकीचे आहे. इथे उपयोगी पडते ती सेंटिनल नोड बायोप्सी. डोनाल्ड मॉर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली मांडलेल्या या पद्धतीत डागाच्या जागी निळा रंग सोडतात आणि त्याच्या जोडीला आता टेक्नेशियमचे सौम्य किरणोत्सारी द्रव्यही वापरतात. डागातला लसिकास्राव सर्वांत आधी ज्या ग्रंथीत पोहोचतो तीच शोधून काढून तपासतात. त्यासाठी शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी गॅमा कॅमेऱ्याखाली एक छोटा स्कॅन करावा लागतो. ग्रंथी हाताला न लागणाऱ्या रुग्णात शस्त्रक्रियेआधी खरोखर हवा असा स्कॅन बहुतेक वेळा हाच असतो. तो पेटच्या मानाने स्वस्त आणि थोडक्यात होणारा आहे; पण फायलीत तो क्वचितच दिसतो आणि पेट मात्र हमखास असतो.

याच पद्धतीत वेळेचा दुसरा मुद्दा दडलेला आहे. सेंटिनल नोड शोधायची तर ती डागाभोवतीची एक-दोन सेंटिमीटर त्वचा काढण्याच्या मोठ्या शस्त्रक्रियेच्या वेळीच शोधली पाहिजे. एकदा ती त्वचा निघून तिथे मांडीची त्वचा लावली की स्रावाच्या मूळ वाटा तुटतात आणि नंतर शोधलेली ग्रंथी खरोखर पहिली आहे की नाही, याची खात्री देता येत नाही. म्हणून ‘आधी डाग काढून टाकू, ग्रंथीचे नंतर पाहू’ हा क्रम रुग्णाच्या हातातली एक संधी कायमची घालवतो.

आता ज्या रुग्णाच्या जांघेत किंवा काखेत टणक गाठ हाताला लागते, त्याची गोष्ट पूर्ण वेगळी आहे, आणि इथे मी स्कॅनचा तितकाच आग्रह धरेन. प्रथम सोनोग्राफी करून त्याच गाठीतून सुईने पेशी घ्याव्यात. पायाची जखम चिघळल्यामुळे आलेले अवधाण असेल तर ते इथेच कळते. त्या पेशींत मेलानोमा निघाला तर सुरी उचलण्याआधी पेट-सीटी, किंवा ती परवडत नसेल तर छाती, पोट आणि ओटीपोटाचा सीटी झाला पाहिजे, आणि मेंदूसाठी वेगळा एमआरआय. मेंदू स्वतःच भरपूर साखर खात असल्यामुळे पेटमध्ये तो सगळाच उजळलेला दिसतो आणि त्यातली लहान गाठ हरवते. फुप्फुसात किंवा यकृतात आजार पोहोचलेला असेल तर जांघेतल्या सगळ्या ग्रंथी काढण्याची मोठी शस्त्रक्रिया, तिची न भरणारी जखम आणि नंतर कायमचा सुजलेला पाय, हे सारे त्या रुग्णावर लादण्याआधी दहा वेळा विचार करावा लागतो.

गेल्या काही वर्षांत या टप्प्यावरच्या स्कॅनचे मोल आणखी वाढले आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एस-१८०१ या अमेरिकी चाचणीत काढता येण्याजोगा, पण ग्रंथींपर्यंत किंवा त्यापुढे गेलेला मेलानोमा असलेल्या रुग्णांपैकी काहींना पेम्ब्रोलिझुमॅब या, शरीराची प्रतिकारशक्ती कर्करोगाविरुद्ध जागवणाऱ्या औषधाचे ३ डोस शस्त्रक्रियेआधी दिले आणि काहींना सगळे डोस नंतर दिले. दोन वर्षांनी आजार न उलटता राहिलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात ७२ टक्के आणि दुसऱ्या गटात ४९ टक्के होते. २०२४ साली नाडिना या चाचणीत दोन औषधांच्या जोडीने असाच फरक दिसला: एका वर्षाला ८३.७ टक्के विरुद्ध ५७.२ टक्के. औषध तेच असूनही केवळ क्रम बदलल्याने पहिल्या चाचणीत एवढे अंतर पडले, हे मला फार महत्त्वाचे वाटते. ही औषधे आपल्याकडे अनेकांच्या आवाक्याबाहेर आहेत आणि तळपायाच्या मेलानोमावर ती तुलनेने कमी चालतात, हे मान्यच आहे. पण ती द्यायची की नाही, हा विचार तरी शस्त्रक्रियेआधी व्हायला हवा, आणि त्यासाठी स्कॅनही आधीच हवा.

या दोन टोकांच्या मधल्या रुग्णांबद्दल मतभेद आहेत. ४ मिमीपेक्षा जाड आणि व्रण पडलेला डाग, पण ग्रंथी हाताला लागत नाही, अशा रुग्णाचा शस्त्रक्रियेआधी स्कॅन करावा का? माझे मत ‘करावा’ असे आहे. आपले रुग्ण उशिरा येतात, अंगठा किंवा टाचेचा भाग गमावण्याची वेळ त्यांच्यावर येते, आणि एवढा त्याग करण्याआधी आजार कुठवर आहे हे त्यांना कळले पाहिजे. दुसरा कुणी सर्जन सेंटिनल नोडचा निकाल येईपर्यंत थांबा म्हणेल आणि तेही चुकीचे ठरणार नाही.

एक गोष्ट मात्र वादापलीकडची आहे आणि ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. पेट-सीटी बहुतेक केंद्रांत कवटीच्या तळापासून मांडीच्या मध्यापर्यंत करतात, कारण बहुतांश कर्करोगांना तेवढे पुरते. मेलानोमा तळपायावर असेल तर मूळ जागा, तिथून गुडघ्याकडे जाणाऱ्या वाटेवर त्वचेखाली पडलेले ठिपक्यांएवढे ठेवे आणि गुडघ्यामागच्या ग्रंथी, हे सगळे त्या चौकटीबाहेर राहते. मोठी रक्कम भरूनही ज्या पायात आजार आहे तोच पाय तपासला गेला नाही, असे अहवाल मी पाहिले आहेत. चिठ्ठीवर ‘डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत’ एवढे शब्द असले की हे टळते. एके काळी या तपासणीसाठी परळ गाठावे लागे. देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ साली तिथल्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये आला. आज पुणे, नागपूर, नाशिक, कोल्हापूर इथेही ती होते. सोय वाढली तशी चिठ्ठी लिहिण्यातली काळजीही वाढायला हवी होती.

शस्त्रक्रियेनंतरचे थोडक्यात सांगतो. सेंटिनल नोडमध्ये आजार निघाला तर त्या वेळी सगळ्या शरीराचा स्कॅन विचारात घ्यावा. पण जखम ताजी असताना घाई केली तर टाक्यांची जागा आणि आजूबाजूच्या ग्रंथी उजळून गोंधळच होतो, त्यामुळे निकड नसेल तर काही आठवडे थांबणे बरे. पूर्वी अशा रुग्णाच्या उरलेल्या सगळ्या ग्रंथी काढल्या जात. २०१७ सालच्या एमएसएलटी-२ या चाचणीत १,९०० हून अधिक रुग्णांपैकी निम्म्यांच्या ग्रंथी काढल्या आणि उरलेल्यांवर सोनोग्राफीने नजर ठेवली. ३ वर्षांनी आजाराने न दगावलेल्यांचे प्रमाण दोन्हीकडे ८६ टक्केच होते, पण अंग सुजण्याचा त्रास पहिल्या गटात २४.१ टक्के आणि दुसऱ्या गटात ६.३ टक्के रुग्णांना झाला. ही नजर पहिली २ वर्षे दर ४ महिन्यांनी ठेवलेली होती. तालुक्याच्या गावीही मिळणारी सोनोग्राफी आणि ती करणारा जाणता हात यांचे मोल या आजारात किती आहे, हे यावरून कळावे. पातळ डाग पूर्ण निघालेल्या रुग्णाला मात्र दर वर्षी पेट करण्याचे कारण नाही. त्याने आपली त्वचा, नखे आणि जांघ स्वतः पाहायला शिकावे आणि ठरल्या वेळी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे.

माझी विनंती पॅथॉलॉजिस्टांना, सर्जनांना आणि रुग्णांच्या नातेवाइकांना आहे. मेलानोमाच्या अहवालात जाडी मिलिमीटरमध्ये आणि व्रणाचा उल्लेख असलाच पाहिजे. स्कॅनच्या चिठ्ठीवर नुसते ‘मेलानोमा’ न लिहिता काय शोधायचे आहे ते लिहावे. नातेवाइकांनी स्कॅनचे पैसे भरण्याआधी डॉक्टरांना आदराने एकच विचारावे: यात काही निघाले किंवा काहीच निघाले नाही, तर शस्त्रक्रियेत काय बदलेल? आणि अहवालात जाडीच नसेल तर नव्या तपासण्यांच्या मागे लागण्याआधी बायोप्सीचा मेणातला ब्लॉक आणि काचपट्ट्या प्रयोगशाळेतून मागून घ्याव्यात आणि कर्करोगाचे काम नित्य करणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडे पुन्हा वाचायला द्याव्यात. ब्लॉक प्रयोगशाळा जपून ठेवतात, तो मागण्यात गैर काही नाही, आणि पुढच्या सगळ्या तपासण्यांचा क्रम त्या एका आकड्यावर ठरणार आहे.

एक निवृत्त शल्यचिकित्सक,
सातारा