लाल दिवा विझेपर्यंत थांबू द्या

मा. मुरलीधर मोहोळ,
केंद्रीय नागरी हवाई वाहतूक राज्यमंत्री

सप्रेम नमस्कार.

पाटण तालुक्यातून लिहितोय. आमच्याकडचा माणूस मुंबईला गेला तो बहुतेक ओझं उचलायलाच. माथाडींना १९६९ चा कायदा मिळवून देणारे अण्णासाहेब पाटील आमच्याच तालुक्यातले, मंद्रुळकोळ्याचे. माझे आजोबा माथाडी, वडील माथाडी. मी तेवढा विमानतळावर लागलो, एका ग्राउंड हँडलिंग कंपनीत लोडर म्हणून. एकोणीस वर्षं काढली. आता गावी भात आणि दोन म्हशी. भाचा मात्र त्याच कामाला लागलाय, म्हणून हे पत्र.

विमान गेटवर लागलं की प्रवाशांना खिडकीतून पिवळ्या जाकिटातली पोरं दिसतात. नुसती उभी. पाऊस असला तरी उभी. वरच्याला वाटतं, हे काम सोडून बघत काय बसलेत? ती बघत असतात विमानाच्या पोटाखालचा लाल दिवा. तो लुकलुकतोय तोवर इंजिन चालू समजायचं. विमानाभोवती मांडायचे नारिंगी कोन (रस्त्यावर असतात तसले), सामानाचा पट्टेवाला गाडा म्हणजे बेल्ट लोडर, काही पुढं घ्यायचं नाही. दिवा विझला तरी इंजिनाच्या पंख्याचं एकेक पातं सुटं दिसेपर्यंत थांबायचं. त्याला अर्धा ते एक मिनिट लागतो. साहेब, आपण स्वतः कोल्हापूरच्या तालमीत घाम गाळलाय. सलामी झाल्याशिवाय पकड घेत नाहीत, तसंच हे.

गावात मळणी मशीनपुढं कुणी सैल उपरणं घेऊन जात नाही, कारण हात गेलेला एखादा माणूस प्रत्येकाच्या पाहण्यात असतो. विमानाच्या इंजिनाला पट्टा दिसत नाही, दात दिसत नाहीत. हवाच ओढते. नुसतं गुरगुरत असलं तरी पुढचे पंधरा फूट त्याचेच धरायचे.

माझं सांगतो. जुलैची रात्र, विमान चाळीस मिनिटं उशिरा आलेलं. वॉकीवर सुपरवायझरचं ‘चला, चला’ सुरू. मी कोन घेऊन पुढं झालो. डोक्यावर पावसासाठी टोपी होती. ती घालायची नसते, हे मलाही ठाऊक होतं. टोपी उडाली आणि ओल्या काँक्रीटवरून घसरत निघाली, वाऱ्याच्या उलट. मी वाकलो. मागून कुणीतरी जाकीट इतक्या जोरात खेचलं की मी पाठीवर आपटलो. तेवढ्यात वैमानिकानं इंजिन बंद केलं असावं, टोपी थबकली. लाल दिवा अजून चालूच होता. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मला एवढंच विचारलं, सामान उतरवायला सहा मिनिटं जास्त का लागली?

ज्यांना खेचणारं मागं कुणी नव्हतं, त्यांचं काय झालं ते आपल्या खात्याला माहीत आहे. १६ डिसेंबर २०१५ ला मुंबईत एअर इंडियाच्या हैदराबादला निघालेल्या विमानाच्या इंजिनात तंत्रज्ञ ओढला गेला. जुलै २०१९ मध्ये कोलकात्यात चाकाच्या कप्प्याची दारं मिटून २२ वर्षांचा तंत्रज्ञ गेला. अमेरिकेत माँटगोमेरीला ३१ डिसेंबर २०२२ ला तर विमान येण्याआधी सगळ्यांना बजावलं होतं की इंजिन चालू राहणार आहे. शेपटीतलं छोटं इंजिन, एपीयू, नादुरुस्त होतं, म्हणून बाहेरची वीज जोडेपर्यंत मोठं इंजिन चालू ठेवावं लागलं. तरी एक कामगार गेलीच. एपीयू बंद असलेला दिवस आम्हीही वाईटच मानायचो. रोजची सवय त्या दिवशी घात करते.

साहेब, मूळ दुखणं घाईचं आहे. उशीर झाला की तो कुणाच्या नावावर टाकायचा याचे नंबर ठरलेले आहेत. सामान चढवण्या-उतरवण्याचा नंबर ३२. पोरं इंजिनापेक्षा त्या ३२ ला जास्त घाबरतात. कंत्राटी पोराला नाही म्हणायला जागा नाही. जुलै २०२४ मध्ये मुंबईत कलिनाला विमानतळावरच्या कामाच्या भरतीला किती हजार लोटले होते, ते त्यानं पाहिलेलं असतं.

डीजीसीए, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणारं आपलं सरकारी कार्यालय, दर महिन्याला कुठल्या कंपनीची किती विमानं वेळेवर सुटली याचा तक्ता काढते. किती तक्रारी, किती विमानं रद्द, सगळं त्यात असतं. त्याच तक्त्यात एक ओळ वाढवा: या महिन्यात विमानाभोवती काम करणारे किती जण जखमी झाले, किती गेले, किती थोडक्यात वाचले. कंपनीनिहाय. कंत्राटी धरून, नाहीतर निम्मे गळतील. आणि लाल दिव्यासाठी थांबण्यात गेलेला वेळ ३२ मध्ये धरायचा नाही, असं लेखी काढा. बाकी जाकिटं, बूट, प्रशिक्षण यांचे कागद सगळ्या कंपन्यांकडे भरपूर आहेत.

पहिले काही महिने त्या ओळीत शून्यच येईल. त्यावर विसंबू नका. माझी टोपीही कुठल्या रजिस्टरात नाही.

आपला,
एक निवृत्त लोडर
ता. पाटण, जि. सातारा