मेडमेनमचे भिक्षू

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुझे पत्र मिळाले. अठराव्या शतकातील इंग्रज उमरावांच्या गुप्त क्लबांविषयी जे बोलले जाते त्यात खरे किती, असे तू विचारले आहेस. अशाच एका मंडळाच्या म्होरक्याच्या गावी, इंग्लंडातल्या वेस्ट विकमला जाऊन आल्यापासून हा विषय माझ्या मनात घोळतोच आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी नावाचा घोळ मिटवू. ‘हेलफायर क्लब’ हे नाव मुळात व्हार्टनच्या ड्यूकने १७१९ च्या सुमारास लंडनमध्ये जमवलेल्या टोळक्याचे. एप्रिल १७२१ मध्ये राजा पहिला जॉर्ज याने धर्मनिंदा करणाऱ्या मंडळांविरुद्ध जाहीरनामा काढला आणि ते मोडले. तू ज्यांच्याविषयी ऐकले आहेस ते सर फ्रान्सिस डॅशवुड यांचे मंडळ त्यानंतर तीस वर्षांनी जमले, आणि त्या मंडळींनी स्वतःला कधीच हेलफायर म्हटले नाही. ते स्वतःला मेडमेनमचे भिक्षू म्हणवीत. थेम्सच्या काठी मेडमेनम येथे सिस्टर्शियन पंथाचा जुना मठ होता, तो डॅशवुडने १७५१ मध्ये भाडेपट्ट्याने घेतला, डागडुजी करून भग्नावशेषांसारखा सजवला आणि दारावर राबले या फ्रेंच लेखकाच्या कल्पित मठाचे ब्रीद कोरले: ‘तुला वाटेल ते कर.’ मित्रमंडळी तेथे जमत, भिक्षूंचे वेष घालीत, मद्य पीत, आणि लंडनहून आणलेल्या स्त्रियांना ‘जोगिणी’ म्हणून बोलावीत. सैतानाची पूजा, काळे विधी वगैरे जे सांगितले जाते त्याला त्या काळचा भरवशाचा पुरावा नाही. त्यातले बरेचसे पुढच्या कादंबऱ्यांनी आणि राजकीय वैऱ्यांनी रचलेले आहे.

वेस्ट विकमच्या टेकडीतील ज्या गुहांशी या मंडळाचे नाव जोडले जाते, त्या मात्र खऱ्या आहेत. आत शिरताच हवा गार होते आणि भिंतीला हात लावला की बोटांना पांढरी भुकटी लागते, कारण ती सारी टेकडी खडूच्या दगडाची आहे. भिंतीवर कुदळीचे घाव अजून एकाखाली एक दिसतात. मी त्या घावांपाशी बराच वेळ उभा राहिलो. लागोपाठ पिके बुडाली तेव्हा डॅशवुडने गावकऱ्यांना मजुरी देऊन हा दगड खणवून घेतला आणि तो हाय विकमकडे जाणाऱ्या रस्त्यावर घातला. याच माणसाने गोरगरिबांना सार्वजनिक कामांवर रोजगार द्यावा म्हणून पार्लमेंटमध्ये विधेयक मांडले होते, आणि १७५७ मध्ये लढाईतल्या अपयशाबद्दल ॲडमिरल बिंगला झालेली गोळ्या घालण्याची शिक्षा रद्द व्हावी म्हणून धडपड केली होती. त्याला नुसता रंगेल म्हणून निकालात काढणे मला मान्य नाही.

पण सुधाकर, मला जे खरोखर सांगायचे आहे ते या मठात घडलेले नाही. ते १५ नोव्हेंबर १७६३ रोजी हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये घडले. पार्लमेंटचा सभासद आणि पत्रकार जॉन विल्क्स हा मेडमेनमच्या पंगतीतला, आणि त्या वेळी सरकारात मंत्री असलेला सँडविचचा अर्लही त्याच पंगतीतला. विल्क्सने आपल्या साप्ताहिकाच्या ४५ व्या अंकात राजाच्या भाषणावर टीका केली, तेव्हा सरकारने कोणाचेही नाव न घालता सरसकट पकड वॉरंट काढले आणि त्यावर ४९ माणसे धरली. एवढ्यानेही विल्क्स नमेना, तेव्हा सरकारच्या हस्तकांनी त्याच्या छापखान्यातील कामगाराला पैसे चारून एक अश्लील काव्य मिळवले. अलेक्झांडर पोपच्या गाजलेल्या काव्याचे ते विडंबन बहुधा थॉमस पॉटरने लिहिलेले होते. हा पॉटर कँटरबरीच्या आर्चबिशपचा मुलगा, आणि मेडमेनमचाच भिक्षू. विल्क्सने त्याच्या जेमतेम डझनभर प्रती छापायला घेतल्या होत्या, त्याही फक्त मित्रांसाठी.

ते काव्य सँडविचने भर सभागृहात उभे राहून वाचून दाखवले. लॉर्ड लिटलटनने वाचन थांबवण्याची विनंती केली, तर इतरांनी ‘चालू द्या, चालू द्या’ असा गिल्ला केला. जे शब्द मित्रांच्या बैठकीत हास्याचा विषय होते, तेच शब्द त्याच माणसाने नीतिरक्षणाच्या नावाखाली दुसऱ्याच्या गळ्याला फास म्हणून लावले. मला घृणा वाटते ती मद्याची नाही, वेषांचीही नाही. या विश्वासघाताची वाटते. लंडनच्या लोकांनाही ते कळले. त्याच सुमारास एका लोकप्रिय संगीत नाटकात, जेमी ट्विचर या साथीदाराने दगा दिल्याचे नायक बोलला, तेव्हा प्रेक्षागृह टाळ्यांनी दणाणले आणि सँडविचला ‘जेमी ट्विचर’ हे नाव जन्मभरासाठी चिकटले. विल्क्सला परागंदा व्हावे लागले खरे. पण झडतीबद्दल त्याने लावलेल्या दाव्यात पंचांनी त्याला १००० पौंड नुकसानभरपाई दिली आणि ती सरसकट वॉरंटे बेकायदा ठरली. सामान्य माणसाच्या घराचा उंबरठा अधिक सुरक्षित झाला तो या भांडणातून.

उमरावांची गुपिते मात्र राखली गेली. मंडळाचा कारभारी, कवी पॉल व्हाइटहेड याने १७७४ मध्ये मरणापूर्वी आपली कागदपत्रे जाळून टाकली. डॅशवुड मधल्या काळात अर्थमंत्री झाला, पुढे पोस्टमास्टर जनरल झाला आणि बेंजामिन फ्रँकलिनला सोबत घेऊन चर्चच्या प्रार्थनापुस्तकाची संक्षिप्त आवृत्ती तयार करीत बसला. ‘जोगिणीं’चे काय झाले? सभासदांच्या याद्या इतिहासकारांनी भांडून भांडून तयार केल्या. त्या स्त्रियांची यादी करण्याजोगा कागदच कोणी लिहिला नाही. व्हाइटहेडचे हृदय कलशात घालून वेस्ट विकमच्या टेकडीवरील समाधीत मिरवत नेऊन ठेवले गेले, आणि त्याच मंडळात वावरलेल्या या बायांच्या नावांचा ठावठिकाणा नाही, हे तेथे उभे असताना मला फार लागले.

आता तुझ्या घराजवळची गोष्ट. डॅशवुड ज्या ‘सोसायटी ऑफ डिलेटान्टी’च्या, म्हणजे कलाप्रेमी सद्गृहस्थांच्या मंडळाच्या, संस्थापकांपैकी होता, त्याच सोसायटीने १७८६ मध्ये रिचर्ड पेन नाइट याचा लिंगपूजेवरील ग्रंथ छापला. त्यातल्या चित्रांत घारापुरीहून आणलेला एक शृंगारशिल्पाचा तुकडा आहे. कप्तान ॲलन नावाच्या नाविकाने तो बोटीतून विलायतेला नेला आणि संग्राहक चार्ल्स टाउनलीने तो घेतला. ग्रंथ विक्रीसाठी नव्हता, सभासदांनी आपापसांत वाटण्यासाठी होता. टीकेचा भडिमार झाला तेव्हा नाइटने प्रती परत गोळा करण्याचा प्रयत्न केला. येणाऱ्या-जाणाऱ्या कोळ्याला आणि यात्रेकरूला दिसावे म्हणून जे कोरले गेले, ते तेथे मूठभर सद्गृहस्थांच्या कपाटात गेले.

तू उरणहून घारापुरीला वर्षातून एकदा तरी जातोस. पुढच्या खेपेस भिंतींवर जेथे शिल्प तुटून नुसता ओबडधोबड खडक उरला आहे, त्या जागा नीट पाहा आणि काय दिसले ते मला सविस्तर लिही. मीही येथे त्या तुकड्याचा माग काढून पुढच्या पत्रात कळवतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद. कळावे, लोभ असावा.

तुझा,
वसंत